डब्याला ना स्क्रीन ना बटणं, टेलनेटनं प्रिंटरचा आयपी कसा बदलायचा? (केळी ग्रुपचं ऑफिस, रावेर)

काटापट्टी_रावेर:
नमस्कार मंडळी. रावेरला एका केळी ग्रुपमध्ये ऑफिसचं काम बघतो. कालपासून प्रिंट निघत नाहीये आणि मालाचा जोर चालू आहे म्हणून घाईत लिहितोय, समजून घ्या.

आमच्याकडे डॉट मॅट्रिक्स आहे, वजन-भावाची तीन प्रतींची पट्टी निघते, एक शेतकऱ्याला, एक ट्रकवाल्याला, एक आमच्या फायलीला. प्रिंटर जुना, जाड पॅरलल केबलचा. तो नेटवर्कवर आणायला मागे कोणीतरी एचपीचा जेटडायरेक्ट ३००एक्स नावाचा डबा लावलाय, एका बाजूनं प्रिंटरची केबल, दुसऱ्या बाजूनं लॅनची वायर, मागे एक छोटं टेस्टचं बटण आणि बाकी काहीच नाही. इतकी वर्षं त्याला हात लावायची वेळ आली नव्हती. परवा नेटवाल्यानं राउटर बदलून दिला, इंटरनेट एकदम फास्ट झालं पण पट्टी बंद. आधी सगळ्या कॉम्प्युटरचे आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, १९२.१६८.० नं सुरू व्हायचे, आता १९२.१६८.१ नं होतात. डब्यावर चिकटपट्टीखाली जुन्या ऑपरेटरनं स्केचपेननं १९२.१६८.०.६० लिहून ठेवलंय, त्याला पिंग केलं (आहेस का अशी हाक मारली) तर रिक्वेस्ट टाइम्ड आउट. ब्राउझरात पण काही उघडत नाही.

सध्या हातानं पट्टी लिहून देतोय. शेतकरी काही बोलत नाही पण घड मोजून, काटा करून झाल्यावर त्याच्या हातात छापील वजन आणि भाव पडला की त्याला जी खात्री वाटते ती माझ्या अक्षरानं वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे त्याचं. कोणीतरी म्हणालं टेलनेट नावाचं काहीतरी असतं, काळ्या स्क्रीनवरून डब्याच्या आत जाता येतं. कोणी केलंय का?

अमळनेरी_भो:
भो, मनाकडे असंच व्हयनं व्हतं. डबाले रीसेट मार ना. वायर काढायची, ते टेस्टचं बटण दाबून धरायचं आणि दाबलेलंच ठेवून परत करंट द्यायचा, बठ्ठं कोरं व्हई जास.

तापीकाठचा:
रीसेट शेवटी ठेवा दादा, अजून वेळ आलेली नाही. पद्धत अमळनेरच्या भाऊंनी बरोबर सांगितलीये, पण कोरं झाल्यावर डबा राउटरकडून वेगळाच आयपी घेईल किंवा काहीच मिळालं नाही तर जुने जेटडायरेक्ट १९२.०.०.१९२ वर जाऊन बसतात, मग तो कुठंय ते शोधत बसा. आत्ता निदान आपल्याला त्याचा पत्ता माहितीये, चिठ्ठीवर लिहिलेला. ज्या माणसानं ती चिकटवली त्याचे आभार माना, मी भुसावळला वीस-बावीस ठिकाणी असे डबे बघितलेत, एकावरही काही लिहिलेलं नव्हतं.

आता मूळ भानगड. तुमच्या नेटवर्कचा मास्क २५५.२५५.२५५.० असणार, म्हणजे पहिले तीन आकडे गाव आणि शेवटचा आकडा घर नंबर. डबा अजून जुन्याच गावात बसलाय, तुमचे कॉम्प्युटर नव्या गावात राहायला गेले. वायर एकच आहे, स्विच एकच आहे, पण कॉम्प्युटरला वाटतं हा पत्ता परगावचा, म्हणून तो राउटरला विचारतो आणि राउटरला ते गावच माहीत नाही. डबा बिघडलेला नाहीये.

म्हणून एक कॉम्प्युटर थोडा वेळ जुन्या गावात न्यायचा. वायफाय बंद करा, लॅपटॉपला लॅनची वायर लावा, त्याच स्विचमध्ये जिथं डबा लागलाय. नेटवर्क अडॅप्टरच्या आयपीव्ही४ प्रॉपर्टीजमध्ये जाऊन हातानं टाका: आयपी १९२.१६८.०.१०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे (म्हणजे राउटरचा पत्ता) रिकामा. मग पिंग १९२.१६८.०.६०. उत्तर आलं की इथं सांगा, पुढचं तेव्हा सांगतो.

काटापट्टी_रावेर:
दादा आलं!! रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.०.६० चार वेळा. पण टेलनेट लिहिलं तर म्हणतं अशी कमांडच नाही. विंडोज १० आहे.

तापीकाठचा:
असते, पण बंद करून ठेवलेली असते, व्हिस्टापासून विंडोजमध्ये टेलनेट क्लायंट आपण चालू करावा लागतो. कंट्रोल पॅनेल, प्रोग्राम्स, टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ, त्या यादीत टेलनेट क्लायंटवर टिक. नाहीतर पुट्टी नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कनेक्शन टाइप टेलनेट निवडा, पोर्ट (म्हणजे दाराचा नंबर) २३. मला स्वतःला पुट्टी आवडतं कारण स्क्रीनवर जे जे झालं ते फायलीत साठवता येतं, नंतर काय बदललं होतं ते शोधायला बरं पडतं.

कमांड प्रॉम्प्टवर लिहायचं: टेलनेट, जागा, १९२.१६८.०.६०. मी इथं कमांड देवनागरीत लिहितोय पण तिथं इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहा.

जोडलं गेल्यावर काही वेळा नुसतीच काळी स्क्रीन दिसते, घाबरू नका, एकदा एंटर मारा. मग तो म्हणेल मदतीसाठी प्रश्नचिन्ह आणि आत्ताची सेटिंग्ज बघायला तिरपी रेघ. आधी फक्त / मारा आणि जे दिसेल त्याचा फोटो काढा. काही बदलायचं नाही अजून. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि अर्धे लोक ऐकत नाहीत, मग रात्री अकराला फोन येतो की आधी काय होतं ते आठवत नाही.

काटापट्टी_रावेर:
काढला फोटो. भरपूर ओळी आहेत. आयपी ॲड्रेस, सबनेट मास्क, डिफॉल्ट गेटवे (तिथं जुन्या राउटरचा १९२.१६८.०.१ आहे), डीएचसीपी डिसेबल्ड, आयडल टाइमआउट ९० सेकंद, मग होस्ट नेम वगैरे. पासवर्ड काहीच विचारला नाही, सरळ आत घेतलं. थोडी भीती वाटली खरं तर, इतकं सोपं असतं का?

नेटवर्कवाली_जळगाव:
त्या भीतीवर मी नंतर बोलते, आधी पट्टी चालू करा.

तापीकाठचा:
हो ताई, तुम्ही या मागून.

आता नवा पत्ता ठरवू. राउटरच्या पानावर जाऊन डीएचसीपीची, म्हणजे आपोआप पत्ते वाटायची, रेंज बघा, कुठून कुठपर्यंत वाटतोय तो. समजा १०० ते १९९ असेल तर डब्याला त्याच्या बाहेरचा द्या, १९२.१६८.१.६० घ्या म्हणजे शेवटचा आकडा जुनाच राहील, लोकांच्या तोंडात साठ बसलेला असतो. रेंजच्या आतला दिलात तर एखाद्या दिवशी कोणाच्या तरी मोबाइलला राउटर तोच पत्ता देईल आणि पट्टी कधी निघेल कधी नाही, आणि हे कधी-कधी होणारं दुखणं पकडायला सगळ्यात अवघड.

टेलनेटमध्ये एकेक ओळ लिहायची आणि एंटर:

आयपी: १९२.१६८.१.६०
सबनेट-मास्क: २५५.२५५.२५५.०
डिफॉल्ट-जीडब्ल्यू: १९२.१६८.१.१

कमांडच्या नावानंतर कोलन, मग जागा, मग आकडा. तिसऱ्या कमांडमध्ये गेटवे पूर्ण लिहायचं नाही, नुसतं जी आणि डब्ल्यू. डीएचसीपी आधीच बंद आहे म्हणून ते सोडून द्या. परत / मारून तिन्ही ओळी वाचा, मोठ्यानं वाचा. मग क्विट. मॉडेलप्रमाणे तो विचारतो की सेव्ह करायचं का, हो म्हणा.

क्विट झाल्यावर जोडणी तुटेल आणि ०.६० ला पिंग जाणार नाही, कारण डबा नव्या गावात गेला. तुमच्या लॅपटॉपचा आयपी परत ऑटोमॅटिक करा आणि १.६० ला पिंग करा.

काटापट्टी_रावेर:
झालं, १.६० ला उत्तर येतंय. पण प्रिंट अजूनही येत नाही. बाहेर दोन ट्रॅक्टर उभे आहेत.

अमळनेरी_भो:
कॉम्प्युटर अजून जुन्याच पत्त्यावर पाठवी राह्यना भो. पोर्ट बदल. प्रिंटर प्रॉपर्टीज मधलं पोर्ट्सचं पान, ॲड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी-आयपी, तिथं १९२.१६८.१.६० टाक, प्रोटोकॉल रॉ, पोर्ट ९१००. प्रिंटर डिलीट करू नको, ड्रायव्हर परत टाकत बसशील आणि पट्टीच्या कागदाचा साइज पण जाईल तुना.

काटापट्टी_रावेर:
भाऊ आली पट्टी!!! पहिली ओळ आली तेव्हा तो टर्रर आवाज ऐकून काट्यावरचे हमाल पण आत डोकावले. दोन्ही ट्रॅक्टरच्या पट्ट्या दिल्या, हातानं लिहिलेल्या परत घेतल्या.

एकच राहिलं, दुसऱ्या कॉम्प्युटरवर प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय, तिथून एकदाही निघालेली नाही. त्यावर पण नवीन पोर्ट तसंच केलं मी.

तापीकाठचा:
नवीन पोर्ट केलंत ना, मग त्यात एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड आपोआप टिक झालेलं असतं. विंडोज प्रिंटरला एसएनएमपीनं विचारत राहतं बाबा आहेस का, आणि त्याला पाहिजे तसं उत्तर मिळालं नाही की ऑफलाइन लिहून मोकळं होतं, वायर ठीक असली तरी. कॉन्फिगर पोर्टमध्ये जाऊन ती टिक काढा. जुन्या पोर्टवर ती ज्यानं कोणी डबा लावला त्यानं काढून ठेवली असणार.

काटापट्टी_रावेर:
काढली, चालू. पहिल्या कॉम्प्युटरवर पण काढून टाकली.

आता एक जुनं दुखणं विचारतो, बरेच दिवस सहन करतोय. एका कॉम्प्युटरवरून पट्टी निघाली की दुसऱ्यावरून लगेच पाठवली तर मिनिट-दीड मिनिट काहीच होत नाही, मग अचानक निघते. आम्ही समजायचो कॉम्प्युटर स्लो आहे. पण त्या फोटोत ९० सेकंद बघून शंका आली.

तापीकाठचा:
शंका शंभर टक्के बरोबर आहे तुमची. असल्या डब्याशी एका वेळी एकाच कॉम्प्युटरची छपाईची जोडणी होते. पहिल्यानं काम संपवलं पण जोडणी उघडीच सोडली तर डबा आयडल टाइमआउट संपेपर्यंत वाट बघतो की अजून काही येतंय का, तोवर दुसरा दाराबाहेर उभा. जुन्यांत ९० सेकंद असतात, नंतरच्या कार्डांत तर २७०, म्हणजे साडेचार मिनिटं. परत टेलनेटनं जा, आता १.६० ला, आणि लिहा आयडल-टाइमआउट: ३०, मग क्विट. अगदी ५ वगैरे करू नका, तुमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर मोठं रजिस्टर पाठवताना मध्ये दम घेत असेल तर अर्ध्यात तुटेल. आणि शून्य म्हणजे लगेच सोड असं नाही, शून्य म्हणजे टाइमआउटच बंद, मग एक अडकला की सगळे अडकले.

काटापट्टी_रावेर:
३० केलं. काय सांगू दादा, चार वर्षं आम्ही त्या कॉम्प्युटरला दोष देत होतो, मधे रॅम पण वाढवून घेतली.

नेटवर्कवाली_जळगाव:
आता माझं ऐका. काटापट्टी दादा, तुम्हाला जी भीती वाटली ती अगदी योग्य होती.

टेलनेट १९८३ च्या मानकातला प्रोटोकॉल आहे, तेव्हा नेटवर्कवर मोजके ओळखीचे लोक असायचे. त्यात काहीही लपवलं जात नाही, तुम्ही टाइप केलेलं अक्षर न अक्षर, पासवर्डसकट, वायरवरून उघडं जातं. आणि तुमच्या डब्याला तर पासवर्डच नाही. म्हणजे तुमचं वायफाय ज्या ज्या ट्रकवाल्याला, व्यापाऱ्याला, पाहुण्याला दिलंय तो प्रत्येक जण त्या डब्याच्या आत जाऊ शकतो. मुद्दाम कोणी करणार नाही असं म्हणू नका, एखाद्या पोरानं गंमत म्हणून आयपी बदलला तर ऐन मोसमात परत हातानं पट्ट्या.

पहिलं काम, पासवर्ड. त्याची कमांड पीएएसएसडब्ल्यूडी, टाकायची पद्धत डब्यागणिक वेगळी असते म्हणून आधी ? मारून बघा. विसरलात तर मात्र अमळनेरच्या भाऊंचं रीसेट हाच एक मार्ग, म्हणून ऑफिसच्या वहीत लिहून ठेवा.

दुसरं, अलाउ नावाची कमांड. त्यात ज्या कॉम्प्युटरना छापायची परवानगी आहे त्यांचे आयपी देता येतात, जास्तीत जास्त दहा नोंदी. यादी रिकामी असेल तर सगळ्यांना मोकळं, एक जरी नोंद टाकली की बाकीच्यांना दार बंद. म्हणून सगळ्यात आधी स्वतःचा आयपी टाका, आणि ते दोन्ही कॉम्प्युटर राउटरमध्ये रिझर्व्ह करून पक्के करा, नाहीतर उद्या त्यांचा आयपी बदलला की तुम्हीच बाहेर. गडबड वाटली तर अलाउ: ० नं यादी पुसली जाते, पण ते सुद्धा परवानगी असलेल्या कॉम्प्युटरवर बसून.

तिसरं, पाहुण्यांसाठी राउटरमध्ये गेस्ट वायफाय असतं, ते चालू करा.

शिरपूरकर:
ताई मला वेगळं विचारायचंय. माझं दुकान शिरपूरला, घर थाळनेरला. राउटरमध्ये २३ नंबरचं पोर्ट उघडून दिलं तर घरून टेलनेट करता येईल का? एकानं सांगितलं सोपं आहे.

नेटवर्कवाली_जळगाव:
सोपं आहे आणि करू नका. कृपा करून करू नका. २०१६ साली मिराई नावाचा किडा (आपोआप पसरणारा व्हायरससारखा प्रोग्राम) आला होता, तो इंटरनेटवर उघडं टेलनेट शोधत फिरायचा आणि कंपनीतून आलेलेच पासवर्ड मारून कॅमेरे, डीव्हीआर, राउटर लाखोंनी ताब्यात घ्यायचा. तसले किडे आजही फिरतायत, पोर्ट उघडलं की थोड्याच वेळात दार वाजायला लागतं.

घरून करायचंच असेल तर दुकानातल्या एका कॉम्प्युटरपर्यंत व्हीपीएननं (इंटरनेटवरच्या कुलूपबंद वाटेनं) किंवा एसएसएचनं या, आणि मग त्या कॉम्प्युटरवरून आतल्या आत डब्याला टेलनेट करा. एसएसएच १९९५ मध्ये याच दुखण्यावर निघालं, त्यात सगळं कुलूपबंद जातं. विंडोज १० मध्ये २०१८ पासून एसएसएचचा क्लायंट आतच येतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. उघडी वाट फक्त दुकानाच्या चार भिंतीत राहिली पाहिजे, बाहेरच्या रस्त्यावर नाही. नवीन नेटवर्क प्रिंटर असेल तर त्याचं टेलनेट बंदच करून टाका, सुरक्षित वेबपान आहे ना त्याला. टेलनेट हे असल्या जुन्या डब्यांसाठी, ज्यांना सुरक्षित वेबपान नाही.

शिरपूरकर:
समजलं ताई. नाही उघडत.

धुळे_सेतू:
मी गुपचूप वाचत होतो, माझं पण मार्गी लावा. सेकंडहँड लेझर घेतलाय, नेटवर्कचा, मशीन दणकट आहे पण दर थोड्या वेळानं छोट्या स्क्रीनवर पीसी लोड लेटर येतं आणि थांबतो, हिरवं बटण दाबलं की छापतो. दाखल्यांसाठी रांग असते, मी एका हातानं बटण दाबत बसतो. मेनूची बटणं आधीच्या मालकानं घासून टाकलीत, चालतच नाहीत.

तापीकाठचा:
पीसी म्हणजे पेपर कॅसेट आणि लेटर म्हणजे अमेरिकेतला कागद. लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटर, आपला ए४ २१० बाय २९७. तुमच्या मशीनच्या डोक्यात अजून लेटर बसलंय, ट्रेमध्ये ए४ आहे, म्हणून ते लेटर मागत बसतं.

याला २३ नंबरनं जायचं नाही, तिथं नेटवर्कचं चालतं. कागदाचं सांगायला ९१०० नंबरच्या दारानं जायचं, छपाई जिथून जाते तिथूनच. टेलनेट, प्रिंटरचा आयपी, जागा, ९१००. काही स्वागत वगैरे येणार नाही, काळी स्क्रीन. कॅपिटल अक्षरांत आधी नुसतं ओळख विचारा: ॲट चिन्ह पीजेएल, इन्फो, आयडी. मॉडेलचं नाव परत आलं तर समजा त्याला पीजेएल ही प्रिंटरची भाषा कळते. मग ॲट पीजेएल, डिफॉल्ट, पेपर बरोबरचं चिन्ह ए४. डिफॉल्ट हाच शब्द हवा, त्यानं लाइट गेली तरी लक्षात राहतं, सेट लिहिलंत तर फक्त त्या कामापुरतं. आयडी विचारल्यावर उत्तराऐवजी तुमचे शब्द कागदावर छापून आले तर त्या मशीनला आधी एस्केपचं एक खास कोड लागतं, ते हातानं टाइप करण्यात अर्थ नाही, फाइल करून पाठवावी लागते, तेव्हा सांगा. आणि पीजेएल इनिशियलाइज नावाची कमांड कुठं वाचलीत तर हात लावू नका, ती सगळं फॅक्टरीवर नेते, परत लेटर.

विंडोजमधल्या ड्रायव्हरमध्ये आणि वर्डमध्ये पण कागद ए४ आहे ना बघा, बऱ्याचदा फाइलच लेटरमध्ये बनवलेली असते.

धुळे_सेतू:
आयडीला मॉडेलचं नाव आलं, डिफॉल्ट टाकलं. दुपारपासून एकदाही थांबला नाही. एका अर्जाचा नमुना मात्र तुम्ही म्हणालात तसा फाइलमध्येच लेटर होता, तो पण बदलला. धन्यवाद दादा.

काटापट्टी_रावेर:
शेवटचा रिपोर्ट देतो. पासवर्ड टाकला, वहीत लिहिला. अलाउमध्ये दोन बिलिंगचे आणि माझा लॅपटॉप असे तीन आयपी टाकले, तिन्ही राउटरमध्ये रिझर्व्ह केले, मग मुद्दाम एका चौथ्या लॅपटॉपवरून प्रिंट पाठवून बघितली, गेली नाही. गेस्ट वायफाय केलं. रात्री डब्याची वायर काढून परत लावली, सगळं जसंच्या तसं राहिलं. आज सकाळपासून दोन्ही कॉम्प्युटरवरून पट्ट्या चालू आहेत, मधे थांबायला लागत नाही.

एकच विचारायचं राहिलं. मी मधे एकदा क्विटच्या ऐवजी एक्झिट मारलं होतं, त्यानं काही बिघडलं नसेल ना?

तापीकाठचा:
/ मारून बघा, सेटिंग्ज जागेवर असतील तर काही नाही. क्विट काय आणि एक्झिट काय, सेव्हचं विचारलं तर हो म्हटलंत की झालं, बऱ्याच मॉडेलमध्ये नुसतं सेव्ह लिहिलं तरी न विचारता साठवतो.

काटापट्टी_रावेर:
बघितलं, सगळं जागेवर आहे. नवीन चिठ्ठी करून डब्यावर लावली: पत्ता, मास्क, गेटवे, टाइमआउट ३०, एसएनएमपीची टिक काढलेली, पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर. जुनी स्केचपेनची चिठ्ठी काढली नाही, तिच्या खालीच चिकटवली.